दमट हवेची सोय

रुग्णालयाच्या दर्शनी दालनातल्या मॉन्स्टेराची प्रकृती उत्तम होती, हे आधी नमूद करायला हवे. पुरुषभर उंचीचे, सुपाएवढ्या, भोकाभोकांच्या पानांचे ते झाड. त्याच्यासाठी नेमलेले निगा-अधिकारी रोज सकाळी येत. पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट खुपसून तिला खरोखर तहान लागली आहे का ते बघत, ओल्या फडक्याने एकेक पान पुसत आणि सगळ्या बाजूंना सारखा उजेड मिळावा म्हणून कुंडी थोडी फिरवून ठेवत.

माझे वडील त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खाटेवर होते. एसीचा झोत नेमका त्यांच्या छातीवर येई. खिडकी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यांची कूस बदलून द्यायला कोणी येत नसे; मी देत असे.

"सिस्टर, तेवढा झोत वळवता येईल का?"

"थंडी वाजते ही तक्रार डॉक्टरांकडे करायची, एसीची मेंटेनन्सकडे. दोन्ही एकत्र घेणारं कोणी नाही बघा इथे."

डॉक्टरांनी ब्लँकेट लिहून दिले. ब्लँकेट भांडारात होते. भांडाराला कुलूप होते, आणि कुलूप सुस्थितीत होते.

वडिलांनी जन्मभर जमिनी मोजल्या होत्या. ते म्हणाले, "अगं, मी नेमका हद्दीवर पडलोय. हद्दीवरच्या दगडाला कुठलंच गाव आपला म्हणत नाही."

मग दालनाला नवा रंग द्यायचे ठरले. वासाने पानांना इजा पोहोचू नये म्हणून झाड तात्पुरते दुसरीकडे न्यायचे होते. लिफ्टमध्ये व्यवस्थापक त्याच काळजीत दिसले. वडिलांच्या खाटेशेजारी जागा आहे, असे मी नम्रपणे सुचवले.

झाड वर आले त्याच दुपारी निगा-अधिकाऱ्यांनी हवेत हात धरून बघितला. "हा गार झोत? पानांवर? कडा करपतील सगळ्या!" थोड्याच वेळात दोन माणसे शिडी घेऊन आली आणि झोत वळला. वडिलांनी अंगावरची शाल बाजूला केली आणि झाडाकडे मान वळवली. "साहेब, उपकार झाले."

दुसऱ्या दिवशी उजेड अपुरा ठरला आणि साहेबांची बदली खिडकीशी झाली. वडील कोपऱ्यातच राहिले. मी अधिकाऱ्यांना गाठले.

"याला दमट हवा लागते ना?"

"लागतेच. एसीत फार कोरडं पडतं हो त्याला."

"माणसाच्या श्वासात बाष्प असतं."

ते विचारात पडले. "असतं खरं. पण दिवसभर त्याच्याजवळ बसणार कोण?"

"बसणार नाही. झोपून राहील."

संध्याकाळपर्यंत वडिलांची खाट खिडकीशी आली. पायथ्याला पाटी लागली: 'आर्द्रता. हलवू नये.'

एरवी न थांबणारे डॉक्टर आता थांबू लागले. साहेबांना नवे पान येत होते; फिकट हिरवी, घट्ट सुरळी. ती न्याहाळता न्याहाळता त्यांची नजर वडिलांवरही पडे, आणि तेवढ्यात वडील आपला प्रश्न विचारून घेत. त्यांना पाणीही वेळेवर मिळू लागले. कोरड्या माणसाचा उपयोग काय? खिडकीतले ऊन त्यांच्या पायांवर येई आणि ते डोळे मिटून पडून राहत. कोणी विचारलेच तर सांगत, "ड्यूटीवर आहे."

आत्या भेटायला आली. भावाच्या कपाळावरून हात फिरवून तिने झाडाबरोबर फोटो काढला.

"दादा, याची एक फांदी मिळेल का रे?"

"साहेबांना विचार बाई. मी इथे कंत्राटी आहे."

एका सकाळी अधिकाऱ्यांनी आर्द्रतामापकावर नजर टाकली आणि ते धावतच सुटले. दमटपणा घटला होता. पाठोपाठ तीन डॉक्टर पळत आले. वडिलांचा श्वास पहाटेच उथळ झाला होता आणि तेव्हापासून मी घंटा दाबत होते. पण ती नुसती वैद्यकीय बाब होती. डॉक्टरांनी मग होते नव्हते ते सगळे केले. दुपारी वडील ड्यूटीवरून सुटले.

व्यवस्थापकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. "मोठी पोकळी झाली हो. त्यात झाड असं नाजूक टप्प्यावर. तुमच्याकडे आणखी कोणी... वयस्कर?"

संध्याकाळी आत्याचा फोन आला. ती पोटभर रडली. मग नाक पुसून हळूच म्हणाली, "अगं, ते नवं पान उघडलं का गं?"

पुढे ज्यांना ज्यांना मी हे सांगितले, त्या सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, हळहळ व्यक्त केली, व्यवस्थेला चार शब्द सुनावले, आणि निघताना दारात थांबून तेच विचारले. तुमच्याही ओठांवर आले असेल. संकोच नको.

उघडले. चांगले सुपाएवढे आहे.