पांडेलिस कुवारासचं परस्पर झालेलं लग्न

माणूस म्हणजे शेवटी त्याची कागदपत्रं; हाडामांसाचं सामान केवळ ती वाहून नेण्यासाठी असतं. पांडेलिस कुवारासला हे सत्य ऐन लग्नाच्या तोंडावर कळलं. अविवाहित असल्याचा दाखला आणायला तो गेला, तर नोंदीप्रमाणे त्याचं लग्न गेल्याच वर्षी थेस्सालोनिकीत थाटात पार पडलं होतं.

तशी कुणकुण तेव्हाच लागली होती. पण त्यांच्या ग्रीक बेटावर नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात (नावांची काटकसर), त्यामुळे त्याचे तिन्ही चुलतभाऊही पांडेलिस कुवारासच. त्यांच्यापैकी कुणाचं तरी एकदाचं उरकलं असं समजून यानं कॉफीखान्यात लुकूमीच्या गोड वड्या वाटल्या होत्या. आता नोंदीत पाहतो तर ओळखपत्राचा नंबर याचाच, चोरीला गेलेल्या ओळखपत्राचा.

ओळख चोरीला गेलेल्यांसाठी मोफत साहाय्य केंद्र आहे, ही अभिमानाची बाब. मदत खरोखरच फुकट मिळते. फक्त ओळख शाबूत लागते. (समाधानी अर्जदार शंभर टक्के, बाकीचे मुळात अर्जदार होते हेच सिद्ध झालं नाही.) नवरी अर्जिरोला घेऊन पांडेलिस तिथे गेला. खिडकीत मेल्पोबाई होत्या.

"तुम्ही तुम्हीच, कशावरून?"

"बाई, माझं ओळखपत्रच पळवलंय."

"मग ज्याच्याकडे आहे त्याला पाठवा. आणि लग्नाच्या वड्या कुणी वाटल्या? माझ्या मेहुण्यानं खाल्ल्यात."

तरीही बाई मायाळू. त्यांनी फुकटातला उपाय सांगितला: घटस्फोट. बायकोची संमती असली की झालं. नोंदीतला नंबर काढून त्यांनी लगेच थेस्सालोनिकीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"घटस्फोट? का म्हणून?" पलीकडची सौभाग्यवती म्हणाली. "माझा पांडेलिस भांडी घासतो. दर रविवारी आपणहून माझ्या आईला फोन करतो."

"अहो, तो चोर आहे," पांडेलिस खिडकीत वाकून म्हणाला.

"असेल. घरातलं काही गेलेलं नाही."

फोन बंद झाला. अर्जिरोनं आपल्या पांडेलिसकडे बाजारात वांगं निवडताना पाहतात तसं पाहिलं. तिच्या आईला त्यानं आजवर एकदाही फोन केला नव्हता.

"दाखल्याची घाई नको करूस," ती शांतपणे म्हणाली. "मलाही जरा विचार करू दे."

मेल्पोबाईंनी प्रकरण निकाली काढलं, शेरा मारला: 'कुणाचीही तक्रार नाही.'

तुमची कागदपत्रं कुलपात असतील, तर उत्तमच. पण उद्या कुणी पळवलीच, तर केंद्रात धावण्याआधी घरात एकदा विचारून घ्या, त्यांना दोघांतला कोणता हवा आहे.