दुसऱ्या कडव्यातले भानुदासराव

"अख्ख्या शारजात माझ्याइतका नशीबवान बाप दाखवा, चार टायर फुकट देतो!"

आपल्या टायरच्या गोडाऊनमध्ये भानुदासराव आठवडाभर हेच ऐकवत होते. कारणही तसंच होतं. नॅशव्हिलला गेलेल्या त्यांच्या दर्शनचं गाणं अमेरिकेच्या कंट्री चार्टवर पहिलं आलं होतं! कंट्री म्हणजे तिकडची गावाकडची गाणी. मोठी हॅट, गिटार आणि नाकातून इंग्रजी. ते इंग्रजी भानुदासरावांना ओ की ठो कळत नव्हतं. पण रोज दुबईला माल पोचवून परतताना ट्रॅफिकमध्ये अडकून त्यांनी गाणं चारशे वेळा ऐकलं होतं, आणि त्यात 'डॅडी' सात वेळा येतं, एवढं पक्कं केलं होतं.

"गाणं माझ्यावरच आहे!" ते छाती फुगवून सांगायचे. दर्शनलाच विचारता आलं असतं, पण आठ महिन्यांत त्याचा फोन नव्हता. चार्टची बातमीही फेसबुकवरून कळलेली. बायको गेल्यापासून घरात आवाज करणारं एकच, वॉशिंग मशीन, तेही धुणं संपल्यावर. घर अगदी खायला उठायचं.

शनिवारी दुपारी त्यांनी तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या चार घरांना चहा-वड्यांना बोलावलं आणि स्पीकर लावला. जेवणाचे डबे पुरवणाऱ्या लतिकाताईंनी दुसऱ्या कडव्यालाच ओढणी डोळ्यांना लावली. भानुदासराव खूश!

"बघा, डोळ्यांत पाणी आलं!"

"भानुदासभाऊ, तुम्हाला माहीत आहे ना... गाण्यात काय झालंय ते?" लतिकाताईंनी चाचरत विचारलं.

त्यांची लेक अपूर्वा सरळच म्हणाली, "अंकल, यू डाय इन द सेकंड व्हर्स. हार्ट अटॅक. इन अ ट्रक."

वडा भानुदासरावांच्या घशात अडकला. सावरून घ्यायला लतिकाताईंनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'भानुदासभाऊंचा ट्रकमध्ये दुःखद अंत! दर्शनच्या गाण्यात हं. गाणं नंबर वन, अभिनंदन!'

आता आपली माणसं ग्रुपवर पहिल्या ओळीपुढे कधी वाचतात का? पाच मिनिटांत त्रेसष्ट 'भावपूर्ण श्रद्धांजली'! एकाने तर फोटोला हारही घालून तो त्यांच्या गावी, चिपळूणला पाठवला. तेवढ्यात गोडाऊनमधून पार्टनर यूनुसचा फोन, खुद्द त्यांनाच.

"भानुदासशेठ, आपले भानुदासशेठ गेले म्हणतात! शटर खाली घेऊ का?"

"अरे, मीच बोलतोय!"

"या अल्ला! मग खलास, मिटलं, चालू ठेवतो."

तो ठेवतात न ठेवतात तोच दुसरा फोन. दर्शन!

"बाबा! आर यू ओके? चिपळूणहून काकांनी कळवलं..." पोरगं चक्क रडत होतं. भानुदासरावांना इतकं बरं वाटलं की ते मुद्दाम दोन क्षण गप्प राहिले.

"आहे, आहे जिवंत. पण तू मला मारलंस का रे?"

"बाबा, कंट्रीमध्ये वडिलांना मरावंच लागतं! जिवंत वडील चार्टवर येतच नाहीत. आणि तुम्ही शेवटचं कडवं ऐकाच. मुलगा दर रविवारी कबरीपाशी येतो आणि तासभर डॅडीशी बोलत बसतो. लोकांना तेच आवडलंय."

"दर रविवारी? तासभर?"

"हो."

भानुदासरावांनी हातातली बशी खाली ठेवली. अख्खी खोली त्यांच्याकडे बघत होती.

"दर्शन, उद्या रविवार आहे बाळा. मी मेलोय असं समज, आणि फोन कर."