निवारणापुरता खड्डा

उमाशंकर गुत्तेदारानं आयुष्यात पहिल्यांदा एक रस्ता चांगला केला, आणि तो गोत्यात आला.

सास्तूरच्या बाजूला त्याची सासरवाडी. तिथल्या जोडरस्त्याचं काम मिळालं तेव्हाच बायकोनं बजावलं होतं, "ह्या रस्त्यानं माझे आप्पा जातेत. ध्यानात ठेवा." त्यामुळं खडी आणि डांबर कागदावर होतं तेवढंच जमिनीवरही पडलं. मजुरांनाही हा अनुभव नवा होता. पावसाळा सरला तरी रस्त्याला ओरखडा नाही. सासरे महांतप्पा गावभर जावयाचं कौतुक सांगत फिरू लागले.

अशात खात्यानं गुत्तेदारांचं कार्यक्षमता मूल्यमापन सुरू केलं. नापास होईल त्याची पुढची कामं बंद. उमाशंकर निर्धास्तपणे उपअभियंता भागवतसाहेबांसमोर जाऊन बसला. साहेबांनी दुःखानं मान हलवली.

"तक्रार निवारणात तुम्हाला शून्य."

"साहेब, तक्रारच न्हाय की कुणाची!"

"मग निवारण कशाचं करणार? तुमचे जुने रस्ते आठवा. लोक बोंबलायचे, तुम्ही मुरूम टाकायचात. दरवेळी 'उत्कृष्ट'. ह्या कामात तो उत्साह दिसत न्हाय."

"मग काय करू?"

"नियमाबाहेर काही करू नका. एक तक्रार येऊ द्या आणि ती मिटवा."

उमाशंकर तडक सासऱ्यांकडं गेला. "मामा, रस्त्याची एक तक्रार द्या की."

"रस्ता झकास हाय," महांतप्पा म्हणाले. "खोटं कसं लिव्हू? महादेव बघतोय."

तक्रार खरी हवी म्हटल्यावर खड्डाही खरा लागणार होता. आपल्या हातून झालेल्या एकुलत्या एका चांगल्या कामावर जेसीबीचा दात पडला, तेव्हा उमाशंकरनं तोंड फिरवलं. पण खड्डा त्यानं मनापासून केला.

तक्रार मात्र येईना. मोटारसायकली डावीकडून गेल्या, जीपा उजवीकडून आणि बैलगाड्या शेतातून. एसटीतल्या लोकांनी पुढची दांडी घट्ट धरली आणि अर्धवट राहिलेलं बोलणं पुढं चालू केलं. कुणीतरी खड्ड्यात बाभळीचा फाटा रोवून समाजसेवा उरकली. उमाशंकर काठावर उभा राहून एकेकाला विचारू लागला, "तरास होतोय न्हवं?"

"व्हय, पण चालायचंच," असं म्हणून जो तो पुढं जाई.

गाड्या इथं हळू होतात हे गावातल्या दैवशालाबाईंनी हेरलं आणि भज्यांचा गाडा लावला. शेजारी पंक्चरचं दुकान आलं. मग जीपा इथंच भरू लागल्या. मूल्यमापनाची अखेरची पाहणी तोंडावर आली, तेव्हा हरलेल्या उमाशंकरनं खड्डा बुजवून टाकायला खडीचा ट्रक आणला. दैवशालाबाई झारा घेऊन ट्रकपुढं उभ्या राहिल्या.

"खड्डा बुजवल्यावर गाड्या कशाला थांबतील? गुत्तेदार, आमची तक्रार हाय!"

उमाशंकरचे डोळे भरून आले. "ताई," तो हात जोडून म्हणाला, "लेखी द्याल का?"

पहिली सही महांतप्पांनी ठोकली. आता तक्रार खरी होती, आणि भजीही गरम होती.

उमाशंकरनं तक्रारीची तत्काळ दखल घेऊन खड्डा जैसे थे ठेवला. पाहणीला आलेल्या भागवतसाहेबांनी भजी खाल्ली, तेलकट बोटं रुमालाला पुसली आणि पैकीच्या पैकी गुण दिले. नव्या रस्त्यांवरही निवारणापुरता एकेक खड्डा राखावा, अशी शिफारस त्यांनी वर पाठवली. ती मंजूरही झाली.

त्या पाहणीच्या अहवालात शेवटी 'वाहनधारकांचे मत' असा एक रकाना आहे. तुम्हीही कधीतरी तिथून गेला असाल, ब्रेक दाबला असेल, खड्डा शिताफीनं चुकवला म्हणून स्वतःवरच खूश झाला असाल. त्या रकान्यात तुमच्या वतीनं 'समाधानी' असं लिहिलेलं आहे. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं हे खरं. पण तुम्ही तरी कुठं काही बोलला होतात?