पंच्याण्णव टक्के शुद्ध

सुज्ञ वाचकहो, शहरातील मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचे मूल्यमापन कसे पार पडले, त्याचा यथासांग वृत्तांत मी येथे निवेदन करीत आहे. कृपया स्थिरचित्त व्हावे.

केंद्रातील दोन ब्लोअर, म्हणजे टाकीतल्या घाणीत हवा फुंकणारी यंत्रे, यांपैकी एक तीन वर्षांपासून चिरनिद्रेत होते. परिणामी पाणी जसे आत येई, जवळजवळ तसेच बाहेर पडे आणि केंद्र चालवणाऱ्या चालकाच्या सख्ख्या बहिणीच्या दारावरून वाहत जाई.

"दादा, खिडकी उघडायची सोय राहिली नाही," बहीण म्हणे. "तुला पगार नेमका कशाचा देतात रे?"

हे शब्द चालकाच्या काळजात रुतले. मूल्यमापनास साहेब आले, तेव्हा त्याने हात जोडले. "साहेब, सफाई बावीस टक्केच होते. खरं तेच लिहा, पण ब्लोअर तेवढा द्या."

"अहो, बावीस टक्केवाल्यांना यंत्र मिळत नाही. नापासांवर खर्च करायचा नाही, असा नियमच आहे. नव्वदच्या पुढे जा, मग मागा."

"पण ब्लोअरशिवाय नव्वद होणार कसे?"

"तो तांत्रिक प्रश्न झाला. मी मूल्यमापनाचा माणूस!"

चालकाने विचारांती ताडले की, आत येणारी घाण बाहेर जाताना जितकी घटलेली दिसते, तितकी टक्केवारी. बाहेरची घाण कमी करणे त्याच्या हाती नव्हते. आतली वाढवणे मात्र होते. फेरतपासणीस त्याने आत येणाऱ्या पाण्याच्या नमुन्यात टाकीच्या तळाचा गाळ दोन पळ्या सोडला. टक्के भरले पंच्याण्णव!

अर्ज तत्काळ गेला. उत्तरही, आश्चर्य म्हणजे, तत्काळच आले: "एका ब्लोअरवर पंच्याण्णव टक्के साध्य होत असल्याने दुसऱ्याची निकड दिसून येत नाही. किंबहुना एवढ्या कार्यक्षम केंद्रास पहिलाही अतिरिक्तच होय. सबब तो काढून घेण्यात येत आहे."

ज्या दिवशी यंत्र ट्रकवर चढले, त्याच दिवशी केंद्राच्या आवारात चालकास प्रशस्तिपत्र बहाल झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. बहिणीला तेवढी टाळी वाजवता आली नाही; तिचा एक हात नाकावरच्या रुमालात गुंतला होता.

आपण, वाचकहो, तिच्याच मागच्या खुर्चीवर होता. आपले दोन्ही हात मोकळे होते.

एवढे वाचण्याची तसदी घेतल्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
तात्या