दौलतरावांची बॅटरी

मोटारसायकलची बॅटरी मांडीवर घेऊन पॅसेंजरनं वर्ध्याला जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी दर महिन्याला पाहायची. हे आमचे सिंदीतले शेजारी, दौलतराव. कापसाच्या दलालीसाठी गावोगाव फिरायला त्यांनी लिलावात एक लष्करी मोटारसायकल घेतली होती. तिचा डायनामो म्हातारा, म्हणून बॅटरी चार्ज करायला वर्ध्याला न्यावी लागे. ती आडवी झालेली चालत नाही, म्हणून मांडी.

डब्यात कुणीतरी विचारायचंच, "काय हाय जी त्यात?"

"तेजाब," दौलतराव शांतपणे सांगायचे.

सगळा बाक रिकामा व्हायचा. वर्ध्याच्या गाडीत जागा मिळवायचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. शाळेच्या कामासाठी मी जायची, तेव्हा त्यांच्याच शेजारी बसायची.

त्यांच्या एकाही धोतराला धड काठ नव्हता. तेजाबाच्या थेंबांनी सगळी धोतरं चाळणी झालेली. रविवारी ओसरीवर बॅटरी उघडायची, तर डोळ्यांवर गॉगल, बाजूला खायच्या सोड्याचं पाणी आणि तोंडात एकच घोष, "आधी जमिनीची तार!" म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडायची, नाहीतर पान्याची ठिणगी उडते. हे त्यांनी मला, दूधवाल्याला आणि गावच्या पोस्टमनलाही शिकवलं होतं. आमच्यापैकी कुणाकडे साधी सायकलही नव्हती.

एकदा त्यांच्यासाठी सोयरीक घेऊन पाहुणे आले. बॅटरीची झाकणं उघडी होती आणि पाहुण्यांनी बिडी पेटवली. दौलतरावांनी ती त्यांच्या तोंडातून काढून बादलीत बुडवली आणि म्हणाले, "यातून वायू निघून राह्यला जी. तुमच्या मिशा जातीन." मिशा वाचल्या, सोयरीक मोडली. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच राहिले.

एका हिवाळ्यात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वर्ध्यात मिळेना. आतल्या प्लेटा उघड्या पडायला आल्या. दौलतरावांना जेवण गोड लागेना. ताटावर बसले की तेच. "शुद्ध पाणी भेटून नाई राह्यलं, मा. मीठ नाई, माती नाई, असं एकदम शुद्ध पाह्यजे."

त्यांची आई, म्हणजे आमच्या आजी, ऐकून घ्यायच्या.

बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर आजी मोटारसायकलीजवळ बसलेल्या. गाडीची जमिनीची तार व्यवस्थित सोडलेली. बॅटरीची झाकणं ओळीनं मांडलेली. हातात तांब्याचा रिकामा गडू. काशीहून आणलेल्या गंगेचा. अखेरच्या घटकेला तोंडात घालायला म्हणून देवघरात जपलेला. त्याचं तोंड बंद करणारा झाळलेला डाख त्यांनी चिमट्यानं फोडला होता.

तेवढ्यात दौलतराव आले. गडू पाहून जागीच थांबले.

"मा, हे काऊन केलं तू?"

"शुद्ध शुद्ध करून राह्यला होता न? मंग यापरिस शुद्ध काय हाय रे? अन् आधी जमिनीची तारच सोडली म्या."

"अन् तुह्यासाठी?"

"मले का एवढ्यात जायचं हाय? अन् गेली त आपल्या विहिरीचं चालते. जनमभर तेच पेली म्या."

नदीचं पाणी, मग ती गंगा का असेना, बॅटरीला हळूहळू मारतं. हे मला दौलतरावांनीच शिकवलं होतं. मी त्यांना बाजूला घेतलं. "आत्ताच ओतून टाका. नवं तेजाब भरलं तर वाचेल."

"माहीत हाय, बाई."

त्यांनी बॅटरी काढून उचलली आणि परसाकडे निघाले. नवी घ्यायची तर त्यांची अख्ख्या हंगामाची कमाई जाणार होती. म्हातारीनं मागून विचारलं, "पुरलं का रे?"

दौलतराव थांबले. बॅटरी हातात तशीच, सरळ.

"पुरलं, मा. बराब्बर पुरलं."

तिथूनच मागे फिरून त्यांनी ती तशीच, काही न ओतता, गाडीत बसवली. झाकणं लावली, तारा जोडल्या, टोकांना व्हॅसलिन चोपडलं. मग आजींना हॉर्न वाजवून दाखवला. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तो त्यांनीच घडवला होता.

हंगाम संपायच्या आत बॅटरी संपली. वर्ध्याच्या चार्जिंगवाल्याच्या दुकानात मीही होते. हाच माणूस गिऱ्हाइकांना सांगायचा, बॅटरी ठेवावी तर दौलतरावांसारखी. त्यानं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि भरल्या दुकानात ओरडला, "अहो दौलतराव, कोन्या गाढवानं साधं पाणी टाकलं यात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दौलतराव पुढे झाले.

"ते गाढव म्याच," ते म्हणाले.

सगळं दुकान हसलं. इतक्या ताठ मानेनं गाढव झालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.