सिद्धाप्पाचा खुबा

टिचकी मारल्याशिवाय सिद्धाप्पाचा जगातल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास बसत नसे. गंगावेशीत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान, त्याला लागून त्याचं कपबश्यांचं. गिऱ्हाइकासमोर तो कप तळहातावर धरायचा आणि नखानं टिचकी मारायचा. टण् वाजला तर कप शाबूत, बद्द वाजला तर आत कुठंतरी चीर. ही सवय दुकानाबाहेरही सुटत नसे. कलिंगडाला टिचकी, शेजाऱ्याच्या नव्या भिंतीला टिचकी, एकदा तर माझ्या जावयाच्या कोऱ्या हेल्मेटला. ते जावयाच्या डोक्यावर असताना. "टिकंल की," असा वर दाखलाही दिला.

अशा माणसाच्या नशिबी टिचकी मारता न येणारी वस्तू यावी आणि तीही शरीराच्या आत, म्हणजे थट्टाच झाली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पस्तिशीतच त्याच्या उजव्या खुब्याचं हाड रक्त न मिळाल्यानं सुकलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला. मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, "वय कमी आहे तुमचं. प्लास्टिकची वाटी लवकर झिजेल. सिरॅमिकचा गोळा आणि सिरॅमिकचीच वाटी बसवू. ती फार काळ टिकते."

"सिरॅमिक म्हंजे चिनी माती न्हवं?" सिद्धाप्पाचा चेहरा पडला. "सायेब, मी कपबश्या इकतो. मला सांगताय व्हय?"

ही माती वेगळी, भट्टी वेगळी, सहसा फुटत नाही, असं डॉक्टरांनी हसत समजावलं.

"पर टिकंल किती वर्सं?"

"खरं सांगू? तरुणपणी बसवून घेतलेली माणसं अजून म्हातारी व्हायची आहेत. झाली की त्यांना विचारून सांगतो."

हे उत्तर मात्र त्याला मनापासून पटलं. "मानूस खोटं बोलत न्हाय," म्हणाला आणि ऑपरेशनला तयार झाला.

सांधा झकास बसला. पण मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, सांधा निखळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि सिद्धाप्पाला ती काळ्या दगडावरची रेघ. स्कूटरच्या सीटवर कपांच्या खोक्यातलं गवत भरून केलेली उशी आली. घाटातल्या धक्क्यांनी आतला माल फुटेल म्हणून गगनबावड्याची एसटी बंद झाली. सोयरिकीला कोणी आलं, की हा मुलीच्या बापाला आधी सांध्याची सगळी माहिती देणार आणि शेवटी, "ग्यारंटी न्हाय बरं का, पावणं." पावणे चहा पिऊन उठायचे. अरे, जरा तोंड आवर, असं मी कितीदा सांगितलं. तर म्हणे, "चीर गेलेला कप मी झाकून इकत न्हाय."

मलकापूरला त्याच्या चुलतभावाच्या लग्नात पंगत बसली. सगळे मांडी घालून, हा एकटा मागं भिंतीशी खुर्चीवर, ताट हातात. वाढपी वाकून वाढत पुढं जायचे. ह्याचं ताट त्यांच्या नजरेच्या वर. आम्हाला जिलेबीचा आग्रह चालला होता तेव्हा ह्याच्या ताटात नुसतं मीठ. हाक मारायला लाजला. मी वाढप्यावर खेकसलो, मग भात आला. त्यानंतर तो कुणाच्या लग्नाला गेला नाही.

मग त्याची आई गेली. घरात ती दोघंच असायची. त्यांच्या लिंगायतांत जाळत नाहीत. माणसाला मांडी घालून बसवतात आणि माती देतात. खड्ड्यात उतरून बसवायचं काम घरच्यांचं. सिद्धाप्पाला उतरता येईना. मलकापूरचे चुलतभाऊ उतरले. हा काठावर वाकून काहीतरी पुटपुटत होता. मी लांब उभा होतो, मला ऐकू आलं नाही.

काही महिन्यांनी एका दुपारी तो दोन कप चहा घेऊन माझ्या दुकानात आला.

"अण्णा, मला बी मांडी घालूनच बसवनार न्हवं?"

"लेका, चाळिशी तरी येऊ दे. आणि मेल्यावर सांधा निखळला तर काय बिघडलं?"

"बिघडत काय न्हाय. दुखनार बी न्हाय. पर आईला बसवताना मी वरनं सावकाश, सावकाश म्हनत हुतो. माझ्या वेळंला म्हनाय कोन हाय?"

इतका एकटा माणूस रोज माझ्या शेजारी बसून कप वाजवत होता.

"मी म्हणेन," मी म्हणालो.

मी त्याच्याहून वयानं चांगला मोठा. हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं मला डोक्यापासून बोटांतल्या सिगारेटपर्यंत न्याहाळलं.

"मग तुमास्नी टिकाय पायजे, अण्णा. ती सिग्रेट टाका बघू आदी."

मी टाकली.