देवमनभाऊंचा ताण

देवमन इंगोले कोणालाही, कुठेही धरून विटा दाखवायचे. पाच विटा पुस्तकांसारख्या एकमेकींना खेटून ठेवायच्या, दोन्ही टोकांना तळवे लावून आत करकचून दाबायचं आणि अख्खी ओळ हवेत उचलायची.

"पाह्य! मधात चुना नाई, सिमिट नाई. कायच्या भरवशावर टिकल्या?"

समोरचा बिचारा म्हणायचा, "ताकदीच्या."

"ताकद बैलाले असते! हा ताण हाय, ताण!" आणि विटा त्याच्या पायाशी आदळल्या जायच्या.

सत्तरच्या दशकात रिठदच्या रस्त्यावर आमचा पूल चालू होता. मी नवा सरकारी ओव्हरसियर, ते ठेकेदाराचे मुकादम. तुळया ओतताना त्यांच्या पोटात पत्र्याच्या नळ्या ठेवलेल्या असत. काँक्रीट पक्कं झालं की त्या नळ्यांत पोलादी तारांचे जुडगे घालायचे, जॅकनं ओढायचे आणि टोकाला पाचर मारून अडकवायचे. ताणलेलं पोलाद मागं यायला बघतं आणि तुळईला दोन्हीकडून आवळून धरतं. शेवटी नळीत सिमेंटची पातळ खीर दाबून भरायची, म्हणजे तारांना गंज चढत नाही. हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो. समजलं मात्र त्या विटांमुळे.

देवमनभाऊ सकाळी जयभीम घालायचे आणि त्याच श्वासात भांडण सुरू करायचे. एका बाईनं तारांच्या वेटोळ्यावर लुगडं वाळत घातलं, तर ते दिवसभर जेवले नाहीत. एकदा मी त्याच वेटोळ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होतो.

"साहेब, पाय! कोनाच्या कंबरेवर पाय देऊन राह्यले? उद्या साऱ्या गाड्या याच्याच भरवशावर जातीन ना!"

मी पाय काढला. त्यांनी ती जागा उपरण्यानं पुसली आणि माझ्या बुटाकडे असं पाहिलं, की मी दुसऱ्या दिवशी चपला घालून आलो. थंडी पडली तसं त्यांनी स्वतःचं घोंगडं तारांवर टाकलं आणि स्वतः पोतं पांघरून झोपू लागले. "दंवानं गंज चढते," एवढंच म्हणाले.

मग उद्घाटनाचं ठरलं. सिमेंट तेव्हा सहज मिळत नसे. नळ्या भरायला म्हणून राखून ठेवलेल्या गोण्या ठेकेदाराच्या मॅनेजरनं उचलल्या आणि पाहुण्यांच्या भाषणासाठी पक्का ओटा बांधायला काढल्या. देवमनभाऊ त्याच्यासमोर उभे राहिले.

"नळ्या रिकाम्या हायेत."

"तोंडं बुजवून टाक वरून. आत कोण बघतंय?"

"पानी पाह्यते! आत शिरते, तारा खाते. पूल बसला तं तुमी याल का खांदा द्याले?"

मॅनेजर हसला आणि त्यानं माझ्याकडे कागद सरकवला. नळ्या भरल्याचा दाखला. लाज वाटते सांगायला, पण मी सही केली. नोकरी नवी होती, मॅनेजरचा आवाज मोठा होता.

देवमनभाऊंनी सही वाळेपर्यंत माझ्याकडे पाहिलं. ते तसेच वळले, ओट्याच्या जागी गेले, गवंड्याच्या हातातली थापी काढून घेतली आणि एक गोणी डोक्यावर घेऊन पुलाकडे चालू लागले.

"पाहुने मातीवर बसतीन! तारा नाई बसत मातीवर!"

दुसऱ्या खेपेला मी मागोमाग गेलो. मॅनेजरच्या हातातून तो कागद ओढून फाडला आणि गोणीचं दुसरं टोक धरलं. मॅनेजर ओरडत राहिला. संध्याकाळपर्यंत शेवटच्या नळीच्या टोकातून खीर बाहेर आली, तेव्हा देवमनभाऊंनी ती बोटावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "आता बोंबल म्हना त्याले." मॅनेजरनं त्यांना तिथल्या तिथं कामावरून काढलं.

उद्घाटनाला पाहुणे बैलगाडीवर उभे राहून बोलले. ठेकेदाराला हार घातला, मॅनेजरला घातला, मलासुद्धा घातला! मी तो काढून हातात घेतला आणि देवमनभाऊंना शोधत निघालो. ते पुलाखाली वाळूत उभे होते, मान वर करून.

"इथं काय करताय? वर चला. कोणी पूल उभा केला ते सगळ्यांना सांगतो मी!"

"नोका सांगू. चूप राहा जरा, गाडी येऊन राह्यली."

रिठदहून पहिली एसटी आली. तुळया घुमल्या. देवमनभाऊंनी श्वास रोखला होता. गाडी पार झाली आणि नारळ फोडायला पलीकडे थांबली.

"माही सुमन हाय त्या गाडीत," ते म्हणाले. "पोरगी माही. रिठदले देली. तिच्या लग्नाच्या दिवशी दुसऱ्या पुलावर जॅक लागला होता. अर्धा ताण देऊन सोडता येते का? पोचलो तं मांडव उठला होता. तवापासून माह्यासंग बोलत नाई."

"मग वर येऊन भेटा ना तिला!"

"मले पाह्यलं का तोंड फिरवते, साहेब. खाली मी दिसत नाई." त्यांनी पायानं वाळू उकरली. "लेकरू होतं तिच्या कडेवर. सकाळपासून गाडी रिठदच्या बाजूले थांबून होती, तवा दुरून पाह्यलं. नाव काय ठेवलं असन त्याचं?"

मी हार वाळूत टाकला आणि दरड चढून धावत सुटलो. एसटी अजून उभी होती. खिडकीशी मूल घेतलेली एक बाई होती. नाक देवमनभाऊंचंच. मी पुलाचा ओव्हरसियर आहे म्हणालो आणि बाळाचं नाव विचारलं. तिनं मला नीट न्याहाळलं, माझ्या पाठीमागे नदीकडे पाहिलं, मग सांगितलं.

मी खाली आलो तेव्हा मला धाप लागली होती.

"मिलिंद," मी म्हणालो.

"काय?"

"मिलिंद."

"मंग जोरानं सांगा ना!" देवमनभाऊ माझ्या अंगावर ओरडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "काहून पुटपुटून राह्यले?"